जीपला मोठे टायर घालण्यापूर्वी

गेल्या वर्षी अक्षय तृतीया झाल्यावर दोन दिवसांनी मी अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील एका वाडीवर गेलो होतो. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करावी याचे प्रात्यक्षिक होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, एवढेच ते काम. ते आटोपून मी आबांच्या ओट्यावर चहाला बसलो, तर घरात बियाण्याची चर्चा बाजूलाच राहिली आणि टायरचे भांडण पुढे आले.

आबांकडे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. वाडीपासून डांबरी रस्ता चार किलोमीटर. मध्ये एक ओहोळ, दोन खडी चढणे आणि पावसाळ्यात पोटरीएवढा चिखल. जून ते ऑक्टोबर या वाडीचे बाहेरच्या जगाशी नाते या एका जीपवर असते. दूध, रेशन, आजारी माणूस, शाळेची पोरे, सगळे तिच्यातूनच जाते. आदल्या वर्षी आबांनी बसलेले पाटे बदलून जाड कमानीचे नवे पाटे घातले होते. त्यामुळे गाडी मूळपेक्षा सुमारे दोन इंच उंच झाली होती. आता मुलाचे म्हणणे असे की, गाडी उचललीच आहे तर तिला एकतीस इंची टायर घालावेत. नाशिकला एका दुकानात त्याने ते पाहून ठेवले होते. आबांचे म्हणणे असे की, पाच टायरचे पैसे म्हणजे विहिरीपासून वरच्या खाचरापर्यंतच्या पाइपलाइनचे पैसे.

दोघांचेही खरे होते. आणि आतल्या खोलीत सून होती, तिला पाचवा महिना लागला होता. म्हणजे बाळंतपण ऐन भाद्रपदात. हे कोणी उघड बोलत नव्हते, पण मुलाच्या मनात टायर कशासाठी होते ते मला कळले.

"साहेब, तुम्हीच सांगा ह्याला," आबा म्हणाले. मी शेतीखात्याचा माणूस, मोटारीचा नव्हे. पण जीपच्या मोठ्या टायरचा धडा मी पदरचे पैसे मोडून घेतलेला आहे. तो पुढे सांगतोच.

गाडी उचलली म्हणजे काय उचलले?

पुष्कळांचा असा समज असतो की पाटे उंच केले म्हणजे सगळी गाडी जमिनीपासून वर गेली. तसे होत नाही. पाटे उंच केल्याने वर जाते ती चासी आणि तिच्यावरची बॉडी. आख, आखाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, ब्रेकचे ड्रम ही सगळी मंडळी होती तिथेच राहतात. वाटेतला दगड आधी लागतो तो या गोळ्याला. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, दुसरा उपाय नाही. चाकाचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्म्याने गोळा वर जातो. मग पाटे उंच करायचे कशाला? मोठ्या चाकाला मडगार्डाखाली फिरायला जागा मिळावी म्हणून.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित ठाऊक होते. लाकडी आऱ्यांची बैलगाडी आठवा. चाक छातीएवढे उंच, त्यामुळे आख वर राही आणि धोंडा-खळगा चाक सहज ओलांडून जाई. पुढे टायरगाडी आली. बैलांना ती ओढायला हलकी आणि रस्त्याला सोसवणारी, पण चाक लहान म्हणून चाकोरीत आख टेकू लागला.

आता मापाचे पाहू. टायरच्या कडेला २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून उंची दोनदा धरायची. ओट्यावरच मी मुलाला वहीवर हिशेब करायला लावला. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास निघाला सुमारे ७० सेंटिमीटर. २३५/७५ आर १५ चा सव्वात्र्याहत्तरच्या आसपास. एकतीस इंची टायरचा पावणेएकोणऐंशी. आबांच्या जीपला त्या वेळी २१५ चे टायर होते. म्हणजे २३५ घातल्यास गोळा दीड सेंटिमीटर वर जाणार आणि एकतीस इंची घातल्यास सव्वाचार सेंटिमीटर.

"सव्वाचारच?" मुलगा म्हणाला. त्याला वाटत होते वीतभर तरी. मी म्हटले, खडकाळ वाटेवर सव्वाचार सेंटिमीटर थोडे नव्हेत. पण त्यांची किंमत नुसत्या पैशांत मोजून भागत नाही.

इंजिनाला काय वाटते

मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते. ऐकायला बरे वाटते, पण इंजिन तेच, गिअर तेच. एकतीस इंची टायरने प्रत्येक गिअर सुमारे बारा टक्क्यांनी लांबला, असे समजा. जी चढण दुसऱ्या गिअरमध्ये निघत होती ती पहिल्यात काढावी लागते आणि जी पहिल्यात निघत होती तिथे चालक क्लच अर्धा दाबून गाडी रेटतो. मग क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो. भरल्या गाडीने खड्या चढणीवर थांबून पुन्हा निघायचे असेल तर हे हमखास घडते. ज्यांच्या गाडीला लो गिअरचा छोटा दांडा आहे त्यांनी अशा ठिकाणी लाज न बाळगता तो वापरावा.

मीटरचेही तसेच. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरी ६७ ने चाललेली असते. किलोमीटरही कमी पडतात, त्यामुळे डिझेलची सरासरी घसरल्यासारखी दिसते. थोडी ती खरोखरच घसरते, कारण टायर जड असतात. पण सगळा दोष टायरला देऊ नका, हिशेब दुरुस्त करून पाहा. २३५ च्या टायरला हा फरक चार टक्क्यांचा आहे. ६० च्या ठिकाणी बासष्ट-त्रेसष्ट. तेवढा जुन्या जीपला सोसतो.

ब्रेकचे मात्र लक्षात ठेवा. ब्रेक ड्रमला धरतो, जमिनीला नाही. चाक जितके मोठे आणि जड, तितके तेच पायडल दाबून ते कमी थांबते. भरीला गाडीही उंच झालेली. आडव्या उतारावर ती लवकर कलते. टपावर गवताचे भारे आणि मागे माणसे घेऊन बांध तिरका उतरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

माझ्या जीपची गोष्ट

२००६ साली माझ्याजवळ एक जुनी जीप होती. पाटे उंच केलेले होतेच. एका गॅरेजात मी हौसेने तिला एकतीस इंची टायर घालून घेतले. मिस्त्रीने गाडी अंगणात सपाटीवर उभी करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखविले. टायर कुठेच लागत नव्हता. मीही खूश, तोही खूश.

दोन महिने सगळे ठीक होते. कधी खड्ड्यातून वळताना पुढच्या डाव्या चाकाकडून खर्र असा आवाज येई. मी म्हणे, मडगार्डाला चिखल अडकला असेल. श्रावणात एके दिवशी घाट उतरत होतो. मागे दोन शेतकरी आणि बियाण्याची पोती. दुसऱ्याच वळणावर ब्रेकचे पायडल पायाखालून गेले. थेट फळीला टेकले. त्या जीपला ब्रेकची वाहिनी एकच होती, म्हणजे एका ठिकाणी फुटली की चारही चाके मोकळी. मी गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. ती गटारात बसली. डावा दरवाजा गेला, एका शेतकरी बंधूचे कोपर मोडले. दरी उजव्या हाताला होती.

उतरून पाहिले तर टायरची कड ब्रेकच्या रबरी नळीला थोडी थोडी घासत होती. सपाटीवर नव्हे, चाक खड्ड्यामुळे वर दबलेले आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना. तो खर्र आवाज चिखलाचा नव्हता. ज्यांचे कोपर मोडले त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण थंडीत ते हात चोळताना दिसले की मी अजूनही नजर चुकवतो.

म्हणून सपाटीवरच्या तपासणीवर विश्वास ठेवू नका. नवे टायर घातल्यावर गाडीचे एक पुढचे चाक बांधावर किंवा भक्कम ओंडक्यावर चढवा, म्हणजे ते मडगार्डात पूर्ण वर दबते. मागच्या चाकांना दगड लावून मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि दुसऱ्या माणसाने बॅटरी घेऊन पाहावे. टायर पाट्याला लागतो का, नळीला लागतो का, मडगार्डाच्या कडेला लागतो का. मग दुसऱ्या चाकाने तेच करा. लागत असेल तर स्टिअरिंगची वळणमर्यादा ठरविणारे बोल्ट मिस्त्रीकडून थोडे पुढे काढून घ्यावेत. गाडी वळायला थोडी जास्त जागा घेईल, घेऊ द्या. याच वेळी जे चाक खाली लोंबते आहे त्याची ब्रेकची नळी ताणली जात नाही ना तेही पाहावे. उंच पाट्यांमुळे आख पूर्वीपेक्षा जास्त खाली उतरतो आणि जुनी नळी आखूड पडते. प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो, त्यामुळे त्याचे क्रॉस लवकर झिजतात. त्यांना ग्रीस नेहमीपेक्षा लवकर द्यावे.

काही जण टायर आत घासू नये म्हणून रिम आणि हब यांच्या मधे जाड चकती घालून चाक बाहेर काढतात. त्याने घासणे थांबते खरे, पण सगळा भार बेअरिंगवर आणि चाकाच्या बोल्टवर तिरपा पडतो. वाडीच्या गाडीला हा उपाय मी सुचविणार नाही.

चिखल चिखलात फरक असतो

इथे मात्र मी माझ्या विषयात आलो. आबांच्या मुलाचा असा विश्वास होता की टायर जितका रुंद तितकी गाडी चिखलातून बरी निघते. हे जमिनीवर अवलंबून आहे.

आमच्याच जिल्ह्यात पाहा. अकोल्याच्या पश्चिमेला तांबडी, मुरमाड जमीन. वर वीतभर रेंदा आणि खाली मुरूम नाही तर पाषाण. इथे अरुंद टायर रेंदा कापून खाली जातो, टणक तळ धरतो आणि गाडी निघते. रुंद टायर रेंद्यावरच घसरत राहतो. उलट नेवासे-शेवगावकडची भारी काळी जमीन भिजली की तिला तळ नाही. तिथे अरुंद चाक रुतत जाऊन गोळा टेकतो आणि चारही चाके अधांतरी फिरतात. त्या जमिनीत रुंद टायर काही काळ तरतो. पण काळी माती टायरच्या नक्षीत भरून बसली की टायर गुळगुळीत होतो, मग रुंदी असून उपयोग नाही. अशा ठिकाणी मोठ्या, मोकळ्या ठोकळ्यांची नक्षी लागते. तीच नक्षी ओल्या डांबरी रस्त्यावर कमी धरते आणि आवाजही करते.

आणखी एक साधन आहे आणि ते फुकट आहे. हवा. तीस पौंड हवा असलेल्या टायरमधून ती वीस पौंडांवर आणली तर टायर पसरून लांबट टेकतो आणि रुतलेली गाडी पुष्कळदा आपोआप निघते. मात्र डांबरी रस्त्यावर जाण्यापूर्वी पुन्हा हवा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून गाडीत पायाचा पंप आणि हवा मोजायचा काटा ठेवावा. मी मुलाला म्हटले, एकतीस इंची टायरच्या आधी हे दोन घे. त्याचा चेहरा पडला. हवा कमी करण्यात दुकानाचे सुख नसते.

जाता जाता शेताविषयी. मोठे टायर आले म्हणजे जीप रानात कुठेही न्यावी, असे नव्हे. रुंद टायर आणि कमी हवा यामुळे वरचा थर कमी दबतो हे खरे. पण खालच्या थरात जे दडपण पोचते ते मुख्यतः वजनाचे असते, टायर रुंद केल्याने ते जात नाही. वाफसा आल्याशिवाय रानात चाक घालू नये, मग ते कोणत्याही मापाचे असो. दडपलेला थर पुढच्या दोन-तीन हंगामांत मुळे दाखवून देतात.

खरेदी करताना

टायर पाच घ्यावेत. चार मोठे आणि स्टेपनी जुनी लहान, असे करू नये. फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा आख एकाच गतीने फिरतात. एक चाक लहान असले की गिअरपेटी आणि क्रॉस यांत ताण साठतो. त्याच कारणाने कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून गाडी पळवू नये.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून मिळत नाही ना ते यावरून कळते. भारक्षमतेचा आकडाही पाहावा. १०० असेल तर त्या टायरला जास्तीत जास्त ८०० किलो भार चालतो. नव्या टायरचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. रिमची रुंदी टायरला चालते की नाही हे दुकानदाराला विचारून घ्यावे, अरुंद रिमवर रुंद टायर फुगून बसतो आणि मधेच झिजतो. आणि जॅक. उंच झालेल्या गाडीला जुना जॅक पोचत नाही, हे पंक्चर झाल्यावर पावसात कळण्यापेक्षा आधी घरी कळलेले बरे.

कायद्याचेही सांगणे भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. पाटे उंच करणे हाही बदलच. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके यावरच बोट ठेवू शकते. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारावे. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारात जे टायरचे माप दिलेले असेल त्याच्या आत राहणे शहाणपणाचे.

भाद्रपदात

शेवटी आबांनी २३५ चे पाच टायर घेतले. मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे नव्हेत, मध्यम नक्षीचे. वाचलेल्या पैशांत अर्धी पाइपलाइन झाली. पाटे उंच केल्याचे सांगायला आबा स्वतः कागद घेऊन परिवहन कार्यालयात गेले. तिथे त्यांना काय ऐकावे लागले ते त्यांनी मला सांगितले नाही, पण जाऊन आल्यावर एक पाटा कमी करून घेतला. टायर मग बांधावर चाक चढवून आम्ही तिघांनी तपासला. उजवीकडे मडगार्डाच्या कडेला बोटभर लागत होता, ती कड मिस्त्रीने वळवून दिली.

सुनेला रात्री साडेदहाला कळा सुरू झाल्या. मी तिथे नव्हतो, मुलाने नंतर सांगितले. चढणे निघाली, चिखल निघाला. ओहोळावर आले तर पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ जोराची. मुलाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. आबा खाली उतरून दिव्यासमोर उभे राहिले आणि गाडी हलू दिली नाही. वाहत्या पाण्यात मोठा टायर फुग्यासारखा असतो, तो गाडीला धरून ठेवीत नाही, उचलतो. हे मी ओट्यावर बोललो होतो का, मला आठवत नाही. आबा म्हणतात बोललो होतो.

पाऊण तास ते थांबले. वाडीतली सुईण सोबत होती आणि काकीने मांडीवर सुनेचे डोके घेतले होते. आबांनी एका दगडावर खूण धरून पाणी उतरलेले पाहिले, काठी टाकून तळ चाचपला, मग लो गिअरमध्ये एका दमात गाडी पलीकडे काढली. राजूरला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलगी पहाटे झाली.

मी दिवाळीत गेलो तेव्हा ती ओट्यावर सुपात निजली होती. मुलगा जीपखाली होता, क्रॉसला ग्रीस देत. त्याने खालूनच विचारले, "साहेब, पुढच्या वेळेला मड टायर घालू का हो?" काकी आतून म्हणाल्या, "आधी ओहोळावर फरशी घालायचा अर्ज दे."